पाच पैशांचे तिकीट

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या घरात माझा भाव एकाएकी वधारतो. एरवी मराठीचा प्राध्यापक हा प्राणी घरकामाच्या दृष्टीने सर्वस्वी निरुपयोगी, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे आणि ते त्या चारचौघांत बोलूनही दाखवतात. परंतु माळ्यावरच्या ट्रंका खाली काढायच्या असल्या, की त्यांना माझ्या उंचीची आठवण होते. यंदाही तसेच झाले. स्वयंपाकघरातून अनरशांचा खमंग वास येत होता, आणि मी मात्र स्टुलावर उभा राहून धूळ खात होतो.

ट्रंक खाली घ्यायला आमचा भाचा उभा होता. हा इंजिनिअर. गेली सहा वर्षे जर्मनीत नोकरीला आहे आणि चार वर्षांनी प्रथमच दिवाळीला यवतमाळला, आपल्या आजोळी आला आहे. आल्यापासून त्याचे सारे लक्ष मामीच्या चिवड्यावर आणि सारे बोलणे 'आमच्याकडे' या शब्दाभोवती. आमच्याकडे गाड्या वेळेवर असतात, आमच्याकडे रस्त्यावर कोणी थुंकत नाही. पहिल्या दिवशी मी गोंधळलो. मग ध्यानात आले, की हे 'आमच्याकडे' म्हणजे तिकडे!

ट्रंक माझ्या वडिलांची होती. उघडली तेव्हा तीत निघाले काय? पदवीचे एक पिवळे पडलेले भेंडोळे, बंद पडलेले एक मनगटी घड्याळ आणि सुतळीने बांधलेला पत्रांचा एक गठ्ठा. वडील १९७२ साली अमरावतीला कॉलेजात शिकायला गेले, तेव्हा माझ्या आजोबांनी दारव्हा तालुक्यातल्या आमच्या खेड्याहून त्यांना पाठवलेली ही पत्रे. वडिलांची परवानगी घेऊन मी वरचेच पाकीट उघडले. मोडी वळणाचे बाळबोध अक्षर. तारीख नोव्हेंबर १९७२ची.

'चिरंजीवास अनेक आशीर्वाद. दिवाळी कशीबशी पार पाडली. यंदा पऱ्हाटी जागच्या जागी वाळली. ज्वारीत दाणा भरला नाही. फीचे पैसे या महिन्यात जमणार नाहीत, तरी मास्तरांना भेटून मुदत मागून घ्यावी. ता. क. : पाकिटाला पाच पैसे जादा पडतात. सबब पत्रे कमी पाठवीन. काळजी नसावी.'

१९७२चा दुष्काळ! ज्यांनी तो पाहिला त्यांना अधिक काही सांगणे नको. परंतु आमच्या भाच्याचे लक्ष ताज्या कलमावर खिळले.

"आबा, हे पाच पैसे जादा कशाचे?" त्याने माझ्या वडिलांना विचारले.

वडिलांनी चष्मा पुसला आणि पाकिटाच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. नेहमीच्या तिकिटाशेजारी एक लहानसे, लालसर तिकीट डकवलेले होते. त्यावर अक्षरे होती : 'शरणार्थी सहायता'.

"हे निर्वासितांचे तिकीट," वडील म्हणाले. "बांगला देशच्या वेळचे. तेव्हा हे लावल्याशिवाय पोस्टात पत्र टाकायची सोय नव्हती."

"म्हणजे घरात पीक नाही, मुलाच्या फीला पैसे नाहीत, आणि सरकार त्यांच्याकडून दीड-दोन हजार किलोमीटरवरच्या परक्या लोकांसाठी पैसे घेते? आबा, ही तर सरळ लूट झाली!"

वाचकहो, दर आठवड्याला या पानावर मी आपल्याशी चार गोष्टी बोलतो, त्या बहुधा गल्लीतल्या, कॉलेजातल्या किंवा फार तर भाषेतल्या असतात. दिवाळी अंकाचे पान जरा ऐसपैस असते. म्हणून त्या एका तिकिटावरून आमच्या घरात दोन दिवस जो वाद रंगला, तो आज आपल्यापुढे मांडावा म्हणतो. कारण त्या तिकिटाने जो प्रश्न सोडवला, तोच आज साऱ्या जगाला सुटत नाही.

आधी त्या तिकिटाची कुळकथा. २५ मार्च १९७१च्या रात्री डाक्क्यात पाकिस्तानी लष्कराने कत्तल आरंभली आणि पूर्व बंगालमधून माणसांचे लोंढे आपल्या सरहद्दीकडे वाहू लागले. त्या वर्षअखेर त्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. आपली स्वतःची लोकसंख्या तेव्हा सुमारे ५५ कोटी. म्हणजे पंचावन्न माणसांच्या पंगतीत एक पाहुणा वाढला. ऐकायला हे फारसे जड वाटत नाही. परंतु पाहुणा काही पंगतीत सारखा वाटला जात नसतो. तो दाराजवळ बसलेल्याच्या शेजारी येऊन बसतो. त्रिपुरा या चिमुकल्या प्रदेशाची लोकसंख्या त्या वर्षीच्या जनगणनेत साडेपंधरा लाख भरली, आणि तेथे आलेले निर्वासित होते चौदा लाखांवर. जितके यजमान, जवळजवळ तितकेच पाहुणे! एखाद्या बिऱ्हाडात पाच माणसे असावीत आणि एका रात्रीत आणखी पाच जणांनी दार ठोठवावे, तशातली गत.

त्रिपुराने हे ओझे एकट्याने पेलावे असे कोणी म्हटले असते, तर तो प्रदेश चार महिन्यांत मोडून पडला असता. तेव्हा सरकारने काही करांबरोबर हेही केले : १५ नोव्हेंबर १९७१पासून टपालावर पाच पैशांचा जादा आकार बसवला. घाई इतकी होती, की निराळे तिकीट छापून होईपर्यंत कुटुंबनियोजनाच्या तिकिटांवरच निर्वासित साहाय्याचा शिक्का मारून ती विकायला काढली. खाली 'लहान कुटुंब'चा चौकोनी संसार आणि वर एक कोटी पाहुण्यांची नोंद! हा आकार ३१ मार्च १९७३पर्यंत चालू होता. बहुतेक निर्वासित १९७२च्या वसंत ऋतूपर्यंत आपापल्या घरी परतलेही होते. पण खर्चाचा डोंगर शिल्लक होता. त्यामुळे महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता, आमच्याच जिल्ह्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री या नात्याने खडी फोडण्याची कामे काढत हिंडत होते, आणि त्याच दिवसांत दारव्हा तालुक्यातला एक कोरडवाहू शेतकरी त्रिपुराच्या पाहुण्यांचे पाच पैसे भरत होता. आगरतळा कोठे आहे हे त्याला नकाशावर दाखवता आले नसते, हे मी खात्रीने सांगतो.

भाच्याला हे सारे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, ते देशातल्या देशात झाले. पण आता अवघे जगच आमच्याकडे यायला निघाले आहे. २०१५ साली एका वर्षात नऊ लाखांच्या आसपास माणसे जर्मनीत आली. आमच्या गावच्या व्यायामशाळेत खाटा टाकाव्या लागल्या होत्या, असे लोक सांगतात. कर आम्ही भरायचा. त्यातले खरे निर्वासित किती आणि नोकरीसाठी आलेले किती, देव जाणे. श्रीमंत झालो हा काय आमचा गुन्हा?"

या बोलण्याची चेष्टा करून मोकळे होणे सोपे आहे. मी ती केली नाही. कारण हेच बोल मी मुंबईत, पुण्यात आणि आमच्या यवतमाळच्या बसस्टँडवरही ऐकले आहेत. फक्त 'निर्वासित' या शब्दाच्या जागी दुसरा कुठला तरी शब्द असतो. शिवाय त्याचा एक मुद्दा खरा आहे. व्यायामशाळेत खाटा मावतात त्याला मर्यादा असते. परंतु 'अवघे जग आमच्याकडे' हे मात्र खरे नाही, आणि येथे आकड्यांची मदत घेतली पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२४च्या अखेरीस युद्ध, छळ आणि हिंसा यांमुळे घरादाराला पारखी झालेली माणसे बारा कोटींवर होती. त्यांपैकी निम्म्याहून अधिक आपापल्या देशातच विस्थापित होती. देश सोडून गेलेल्यांपैकी दर तिघांतले दोघे शेजारच्याच देशात थांबले होते, आणि शंभरातले सुमारे त्र्याहत्तर गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत होते. लेबनॉन हा आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढा देश. २०१४च्या सुमारास तेथे दर चार-पाच माणसांमागे एक सीरियन निर्वासित होता. म्हणजे आजच्या जगात लेबनॉन, युगांडा, बांगला देश हे त्रिपुरा आहेत. मग यवतमाळ कोठे आहे? पाच पैशांचे तिकीट कोण लावते आहे?

"लावतात की! कोट्यवधी युरो देतात!" भाचा म्हणाला.

देतात; पण देणगी म्हणून देतात. मनात आले तर देतात, सरकार बदलले तर आवरते घेतात. निर्वासित संस्थेचा जवळजवळ सारा कारभार अशा ऐच्छिक देणग्यांवर चालतो आणि अलीकडच्या वर्षांत तिला लागणाऱ्या रकमेच्या जेमतेम निम्मी रक्कम तिच्या पदरात पडते. याचा अर्थ काय होतो, तो पाहावयाचा असेल तर बांगला देशात कॉक्स बझारला जावे. २०१७ साली सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून तेथे पळून आले. आज छावण्यांत दहा लाखांवर माणसे आहेत. २०२३ साली देणगीदारांचा हात आखडला, तेव्हा त्यांचे रेशन माणशी महिना बारा डॉलरवरून मार्चमध्ये दहावर आणि जूनमध्ये आठवर आणले गेले. आठ डॉलर! एका माणसाचे महिनाभराचे जेवण! पुढे ते पुन्हा वाढवले, ही गोष्ट निराळी. पण ज्या आईने त्या वर्षी पोरांच्या ताटातला भात कमी केला, तिचा कोणता अपराध घडला होता? कोठल्या तरी दूरच्या राजधानीत उत्साह ओसरला होता, इतकेच.

रात्री जेवणानंतर वाद पुन्हा पेटला. या वेळी मी कोल्हापूरला गेलो. म्हणजे बोलण्यात! आमच्या सौ.ची धाकटी बहीण कोल्हापूरला असते आणि दर दिवाळीला तेथल्या गांधीनगरच्या घाऊक बाजारातून साड्या धाडते. ही बाजारपेठ सिंधी निर्वासितांनी उभी केली, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्यांच्या आधी तेथे कोण राहत होते, हे थोड्यांना ठाऊक असते. त्या जागेचे नाव वळिवडे. १९४३ साली तेथे बराकी बांधल्या गेल्या, त्या युरोपियन निर्वासितांसाठी. पोलंडवर रशियाचा कब्जा झाल्यावर हजारो कुटुंबे सैबेरियात हद्दपार झाली होती. तेथून सुटून, इराणमार्गे, रोगराई आणि उपासमार सोसत ती जी वाचली, त्यांतली सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुतेक बायका आणि मुले, पंचगंगेच्या काठी येऊन राहिली. शाळा झाली, चर्च झाले, नाटके झाली. युद्ध संपल्यावर ती माणसे निरनिराळ्या देशांत गेली आणि त्याच बराकींत सिंधहून आलेल्यांनी चुली मांडल्या.

"म्हणजे युरोपचा माणूस आपल्याकडे निर्वासित?" भाचा चकित झाला. सहा वर्षे युरोपात राहून त्याला हे कोणी सांगितले नव्हते. आपल्यालाही त्याची आठवण नव्हती, तर त्यांनी काय म्हणून सांगावे?

यात आपल्या उदारपणाची टिमकी वाजवण्याचा माझा इरादा नाही. वळिवड्याचा खर्च कोल्हापूरच्या रयतेने केलेला नव्हता. तो लंडनमधल्या पोलिश सरकारमार्फत चालत असे. मला महत्त्वाचे वाटते ते हेच. ज्याच्याकडे जागा होती त्याने जागा दिली, ज्याच्याकडे पैसा होता त्याने पैसा पुरवला, आणि कोणी कोणावर उपकार केल्याचा आव आणला नाही. निर्वासितांचा प्रश्न सुटण्याजोगा असतो, तो असा.

आमच्या भागाने हे पुढेही अनुभवले आहे. तिबेटी लोकांना त्याच १९७२ साली तेव्हाच्या भंडारा, आताच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ वसाहतीसाठी जमीन मिळाली. जमीन मिळाली म्हणजे पोट हलले, आणि माणूस हात पसरायचा राहिला. दिवाळी सरली की विदर्भातल्या गावोगावी तिबेटी स्वेटरवाले दुकाने मांडतात. माझ्या लहानपणी आम्ही पोरे त्यांच्या बोलण्याची नक्कल करीत असू. त्याची आज लाज वाटते. पण त्यांच्याकडे कोणी दयेने पाहत असल्याचे मात्र मला आठवत नाही. माझी आई त्यांच्याशी दहा रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करी. घासाघीस आपण बरोबरीच्या माणसाशीच करतो. भिकाऱ्याशी करीत नाही.

तेव्हा श्रीमंत राष्ट्रांनी करावे तरी काय? साध्या गृहस्थाला सुचतात त्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली ही, की देणगीच्या जागी पट्टी आणावी. ज्याचे उत्पन्न जितके, त्याचा वाटा तितका; आधी ठरलेला आणि दर वर्षी चुकता करायचा. हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्याला मी माझ्या पगाराची पावती दाखवीन. तीत 'व्यवसाय कर' म्हणून दरमहा दोनशे रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत तीनशे. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली बसवला गेला, तो मुळात रोजगार हमी योजनेसाठी. दुष्काळात शेतमजुराला धर्मादाय धान्य न देता हक्काचे काम द्यावे, ही वि. स. पागे यांची कल्पना. आणि त्यासाठी नियमित पगार खाणाऱ्या शहरी माणसाने भार उचलावा, ही त्यामागची व्यवस्था. इतकी वर्षे ते पैसे कापले जात आहेत. त्यावाचून कोणा प्राध्यापकाची चूल विझल्याचे ऐकिवात नाही.

दुसरी गोष्ट, काही माणसे थेट, रीतसर आणि कायद्याने न्यावीत. दार बंद केले म्हणून माणूस थांबत नाही. तो खिडकी शोधतो. भूमध्य समुद्रात २०१४पासून तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मेली किंवा बेपत्ता झाली, ती अशा खिडक्या शोधताना. छावणीतून नावानिशी निवडून, विमानाने नेऊन दुसऱ्या देशात वसवण्याची सोय आहे; पण २०२४ साली साऱ्या जगात मिळून अशा जागा दोन लाखांच्या आत होत्या. जो देश जास्तीत जास्त जे करतो, ते असे समुद्रात एक थेंब ठरते. नाव दलालाच्या होडीत चढण्याआधीच यादीत चढावे, एवढीच मागणी आहे.

तिसरी गोष्ट, काम करू द्यावे. छावणीतल्या माणसाला वर्षानुवर्षे नुसते जेवू घालणे हे सर्वांत महाग आणि सर्वांत अपमानाचे. युगांडा हा गरीब देश सतरा लाखांहून अधिक निर्वासित सांभाळतो. पण तेथे त्यांना काम करण्याची मुभा आहे आणि पुष्कळांना कसायला जमिनीचा तुकडा मिळतो. गांधीनगरचे सिंधी व्यापारी आणि गोठणगावचे तिबेटी शेतकरी याहून निराळे काय सांगतात?

मी असा भाषणाच्या रंगात आलो असताना भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, माझी घरमालकीण आहे ना, तिची आई सायलेशियातून आली होती. १९४६ साली, नेसत्या कपड्यांनिशी. तो भाग पोलंडला गेला आणि तिथल्या जर्मनांना हाकलून दिले. या आई-लेकींना एका शेतकऱ्याच्या घरात सरकारी हुकमाने जागा दिली, तर तो शेतकरी यांना 'पोलाक' म्हणून हिणवायचा. म्हणायचा, ह्या आमच्या नाहीतच. आणि बोलत होत्या दोघीही जर्मनच!"

मला हे नवे होते, आणि त्याहून चांगले उदाहरण मला शोधून सापडले नसते. महायुद्धानंतर पूर्वेकडून हाकलले गेलेले सुमारे ऐंशी लाख जर्मन एकट्या पश्चिम जर्मनीत आले. देश स्वतः विटांचा ढिगारा झालेला. तरी १९५२ साली त्या सरकारने एक कायदा केला. त्याच्या नावाचा अर्थ 'भाराची समान वाटणी' असा होतो. ज्यांची मालमत्ता युद्धातून वाचली, त्यांच्यावर तिच्या ठरवलेल्या किमतीच्या निम्मी पट्टी बसवली. आणि ती तीस वर्षांपर्यंतच्या हप्त्यांनी फेडायची मुभा दिली. त्यातून निर्वासितांना घरे आणि धंद्याला भांडवल मिळाले. पाच पैशांचे तिकीट जर्मनांनी आपल्या आधी एकोणीस वर्षे काढले होते! आणि अगदी अलीकडे, २०२४ साली, युरोपीय संघानेही आपसात एक नियम केला, की निर्वासितांच्या वाट्यातली माणसे घ्यायची नसतील त्या देशाने दरडोई वीस हजार युरोच्या हिशेबाने पैसे द्यावे किंवा दुसरी मदत करावी. युक्ती त्यांना ठाऊक आहे. फक्त ती युरोपच्या कुंपणाबाहेर न्यायला कोणी तयार नाही.

आता आपल्या घरातलेही बोलायला हवे; नाहीतर हा लेख म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म होईल. निर्वासितांविषयीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपला स्वतंत्र कायदाही नाही. आपण कोणाला मोठ्या मनाने ठेवून घेतले, कोणाच्या बाबतीत मन घट्ट केले. तिबेटी आणि तामिळांना जो आसरा मिळाला, तो रोहिंग्यांना मिळाला असे म्हणता येत नाही. आपण गरीब आहोत, ही सबब १९७१ साली खरी होती, तरी आपण ती पुढे केली नाही. आज आपण जगातल्या मोठ्या अर्थव्यवस्थांत स्वतःची गणना करतो, तर पट्टी बसेल तेव्हा आपल्याही नावावर आकडा लागेल. लागावा. माझ्या पावतीवर आणखी एक ओळ कापली गेली, तर मी कुरकूर करीन, पण देईन.

या कुरकुरीचीच गोष्ट शेवटी सांगतो. निर्वासितांचा प्रश्न निघाला, की भली माणसे माणुसकीला आवाहन करतात. आवाहन करायला हरकत नाही. परंतु माणुसकी हे मोसमी पीक आहे. २०१५ साली समुद्रकिनाऱ्यावर एका चिमुकल्या सीरियन मुलाचा मृतदेह सापडला, ते छायाचित्र पाहून सारे जग हळहळले आणि काही महिन्यांत विसरलेही. त्या मुलाच्या देशातली जुनी राजवट डिसेंबर २०२४मध्ये कोसळली, तेव्हा लाखो सीरियन परतू लागले. म्हणजे घर गमावलेला माणूस घराकडे डोळे लावूनच बसलेला असतो, हे पुन्हा दिसले. पण तोवर तेरा वर्षे लोटली होती. तेरा वर्षे हळहळणे कोणाला जमते? पट्टी मात्र तेरा वर्षे भरता येते. तिला मन मोठे असावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. भाच्याची बॅग भरणे चालू होते. मामीने चकल्यांचा डबा त्यात कोंबला. तो म्हणाला, घरमालकिणीला देईन. वडील पत्रांचा गठ्ठा पुन्हा सुतळीने बांधत होते. मला एकाएकी आठवले.

"बाबा, पाच पैसे जादा पडतात म्हणून आजोबांनी पत्रे खरेच कमी केली?"

"छे रे!" वडील हसले. "दर पंधरवड्याला यायचे पत्र. आणि प्रत्येक पत्रात खाली पाच पैशांची कुरकूर असायचीच."

मी गठ्ठा हातात घेऊन त्या हिवाळ्यातली पाकिटे मोजली. नोव्हेंबर ते मार्च, अकरा भरली. अकराही पाकिटांवर ते लालसर तिकीट होते.